दिंद्रुडच्या रस्त्यावरचा नाका

आधी आपण एक कल्पना करू या. खरी गोष्ट नाही हं, निव्वळ कल्पना!

बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात दिंद्रुड नावाचं गाव आहे. आजूबाजूला कापसाचं, उसाचं शिवार. तिथले एक आबा टेम्पोत कापूस भरून माजलगावच्या बाजाराला निघालेत. दिवाळीची सुट्टी, म्हणून नातूही शेजारी बसलाय. गाव मागं पडतं न पडतं तोच रस्त्यात आडवा बांबू! बाजूला खुर्ची टाकून एक माणूस बसलेला.

"कुठं निघालात, आबा?"

"माजलगावला. कापूस घालायला."

"कुणाकडं घालणार?"

"बघू की. जो भाव देईल त्याच्याकडं."

"तसं नाही चालायचं. आमच्या साहेबांच्या ओळखीचे एक व्यापारी आहेत. त्यांच्याकडं जाणार असाल तर हा रस्ता तुम्हाला फुकट. दुसऱ्या कुणाकडं जाणार असाल तर दोनशे रुपये. आणि त्या पलीकडच्या नव्या व्यापाऱ्याकडं जायचं असेल, तर डांबरी रस्ता सोडा आणि हा चिखलाचा धरा. पोचाल दिवस मावळेपर्यंत."

आता आबा काय म्हणतील? "अरे बाबा, रस्ता काय तुझ्या घरचा आहे का?" असंच ना? नातवाला मात्र वेगळाच प्रश्न पडला. तो म्हणाला, "आबा, फुकट म्हणतोय ना, मग जाऊ की त्याच्याच व्यापाऱ्याकडं. आपलं काय जातंय?"

नातवाचा हा प्रश्न नीट लक्षात ठेवा. कारण असा नाका इंटरनेटच्या रस्त्यावर खरोखरच येऊ घातला होता. तोसुद्धा लांब कुठं परदेशात नव्हे, आपल्या महाराष्ट्रात, २०१५ साली. आणि त्या वेळी हाच प्रश्न साऱ्या देशाला पडला होता.

पाकिटं आणि पोस्टमन

तुम्ही मोबाइलवर एखादा व्हिडिओ बघता, तेव्हा तो काही अखंड नळासारखा वाहत तुमच्याकडं येत नाही. त्याचे हजारो छोटे छोटे तुकडे होतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पाकीटच समजा. त्याच्यावर कुठून निघालं आणि कुठं जायचं, दोन्ही पत्ते असतात. वाटेत जागोजागी राउटर नावाची यंत्रं बसलेली असतात. ती पत्ता वाचतात आणि पाकीट पुढं ढकलतात. सगळी पाकिटं तुमच्या फोनमध्ये येऊन पोचली की फोन ती क्रमानं जोडतो, आणि तुम्हाला दिसतो व्हिडिओ! हे सगळं डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर.

ही पाकिटं आपल्यापर्यंत आणून देते ती मोबाइल कंपनी. म्हणजे ती झाली आपली पोस्टमन. त्या कामाचे पैसे आपण रिचार्ज करून तिला देतोच. मग पोस्टमनचं काम काय? पत्ता वाचायचा आणि पाकीट पोचवायचं. हे पाकीट श्रीमंताच्या घरून आलंय म्हणून धावत आणलं, ते गरिबाच्या घरून आलंय म्हणून दोन दिवस पिशवीत ठेवलं, आणि तिसरं आपल्या न आवडत्या माणसाचं म्हणून विहिरीत टाकलं, असं पोस्टमनकाका करतील का? इंटरनेटची कंपनीही तसं करणार नाही, सगळी पाकिटं सारखीच वागवील, या नियमाला म्हणतात नेट न्यूट्रॅलिटी. मराठीत इंटरनेटची तटस्थता किंवा नेट समानता. २००३ साली टिम वू नावाच्या अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापकांनी हा शब्द वापरात आणला.

शब्द नवा असला तरी कल्पना चांगलीच जुनी आहे बरं का! हिंदुस्थानात १८५४ साली टपालाचा नवा कायदा झाला. त्याआधी पत्र जितकं लांब, तितके पैसे जास्त. या कायद्यानं ठरलं की पैसे अंतरावर नाही, वजनावर. हलकं पत्र अर्ध्या आण्यात, मग ते शेजारच्या गावी जाऊ दे नाहीतर कलकत्त्याला. (बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्यामुळं दिंद्रुडकरांना या सवलतीचा लगेच उपयोग झाला नसणार!) मग १८७९ मध्ये पोस्टकार्ड आलं, एका पैशाचं. कार्डावर कोण काय लिहितोय, त्याच्यावर त्याची किंमत ठरत नव्हती. सावकाराचंही एका पैशात, कुळाचंही एका पैशात.

टेलिफोनची एक गंमत तर ऐकाच. अमेरिकेत कॅन्सस सिटी गावात ॲल्मन स्ट्रोजर नावाचा माणूस होता. त्याचा धंदा अंत्यसंस्काराचं सामान पुरवण्याचा. त्या काळी फोन लावायचा म्हणजे आधी एक्स्चेंजमधल्या बाईंना सांगायचं, "अमक्याला जोडून द्या." स्ट्रोजरचं गिऱ्हाईक एकाएकी कमी झालं. असं सांगतात, की एक्स्चेंजमधल्या बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या नात्यातल्या होत्या आणि स्ट्रोजरला आलेले फोन त्या खुशाल तिकडं जोडून देत, असा त्याला संशय आला. दुसरा कुणी असता तर भांडत बसला असता. या पठ्ठ्यानं काय करावं? मधे माणूसच नको, आपोआप जोडणी होईल असं यंत्रच त्यानं शोधून काढलं! १८९१ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. पुढं कित्येक वर्षं जगभरातली टेलिफोन एक्स्चेंजेस त्याच्या पद्धतीनं चालत होती. मधे बसलेल्यानं मनात आणलं तर तो काय करू शकतो, हे त्या माणसानं स्वतःच्या धंद्यावरून ओळखलं होतं.

इंटरनेटवरही मधे बसलेल्यानं असं केल्याचं उदाहरण आहे. २००७ मध्ये अमेरिकेतली कॉमकास्ट ही कंपनी काही प्रकारची पाकिटं गुपचूप अडवते, अशी कुजबुज सुरू झाली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं मग परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्यांनी त्याच पद्धतीनं बायबलची एक प्रत पाठवून पाहिली. बायबलच हो, चोरीचा सिनेमा नाही! तीही अडली. चोरी उघडी पडली ती अशी.

२०१५ साली काय झालं?

आता आपल्याकडची हकीगत. तुमच्यापैकी पुष्कळजण तेव्हा जन्मलेही नसतील. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी. सुरुवातीला ते फोनच्या तारेवरून, कुईं-कुईं आवाज करत यायचं आणि ते मोठ्या शहरांत. गावाकडं इंटरनेट पोचलं ते मोबाइलवरून. पण २०१४-१५ च्या सुमारास डेटा चांगलाच महाग होता. घरात कुणी नेट सुरू ठेवून विसरलं, की "अरे, बॅलन्स गेला!" म्हणून ओरडा व्हायचा. आईबाबांना विचारा, त्यांना नक्की आठवेल. तेव्हा नुसत्या व्हॉट्सॲपचं वेगळं पॅक मिळायचं, नुसत्या फेसबुकचं वेगळं. म्हणजे रस्त्यावर छोटे छोटे नाके तेव्हाच लागायला सुरुवात झाली होती, आपल्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेल कंपनीनं जाहीर केलं, की इंटरनेटवरून जे लोक फोन करतात त्यांच्याकडून वेगळे पैसे घेणार. लोकांनी इतका आरडाओरडा केला, की काही दिवसांतच तो बेत मागं घ्यावा लागला. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्स या कंपनीच्या मदतीनं 'इंटरनेट डॉट ऑर्ग' सुरू केलं. पहिल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. या योजनेत काही निवडक वेबसाइट फुकट बघता येत, डेटाचा एक पैसाही लागत नसे. बाकीचं इंटरनेट पाहायचं तर पैसे भरा. एप्रिलमध्ये एअरटेलनंही 'एअरटेल झिरो' आणलं. त्यात गिऱ्हाइकाच्या डेटाचे पैसे वेबसाइटवाल्यानं भरायचे, म्हणजे ज्याच्याकडं पैसे त्याचं दुकान फुकट उघडणार.

आबांचा बांबू आठवला ना?

याच सुमारास, २७ मार्च २०१५ रोजी, ट्रायनं एक कागद प्रसिद्ध केला. ट्राय म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण. मोबाइल कंपन्यांनी कसं वागावं याचे नियम करणारी ही सरकारी संस्था. कागद कसला, चांगला ११८ पानांचा ग्रंथच तो! शेवटी २० प्रश्न, आणि 'जनतेनं आपलं मत कळवावं' अशी विनंती. इतका किचकट मजकूर कोण वाचणार? पण देशातल्या काही तरुणांनी तो वाचला, सोप्या भाषेत आणला, प्रश्नांची उत्तरं लिहिली आणि 'सेव्ह द इंटरनेट' नावाची वेबसाइट काढली. विनोदी कार्यक्रम करणाऱ्या काही कलाकारांनी त्यावर व्हिडिओ केला. झालं! महिन्याभरात ट्रायकडं दहा लाखांहून जास्त ई-मेल जाऊन धडकले. फ्लिपकार्टनं एअरटेल झिरोतून अंग काढून घेतलं. क्लिअरट्रिप इंटरनेट डॉट ऑर्गमधून बाहेर पडली.

फेसबुकनं मग योजनेचं नाव बदललं, 'फ्री बेसिक्स' केलं. अटी पाळणाऱ्या कुणाचीही वेबसाइट आम्ही घेऊ, असंही सांगितलं. डिसेंबरात ट्रायनं पुन्हा मतं मागवली. या वेळी प्रश्न नेमका होता: वेगवेगळ्या वेबसाइटसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का? फेसबुकनं वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. फेसबुक उघडलं की 'फ्री बेसिक्सला पाठिंबा द्या' असा निरोप समोर यायचा, बटण दाबलं की तयार मजकूर ट्रायकडं रवाना! लाखो निरोप गेले. पण ट्रायनं ते वाचून काय म्हणावं? आम्ही विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं यात नाहीतच! परीक्षेत 'गाय' या विषयावर निबंध विचारला आणि पाठ केलेला 'माझी शाळा' लिहून आलात, तर बाई किती गुण देतील? तसंच झालं ते.

नातवाचा प्रश्न

आता खरा पेच. २८ डिसेंबर २०१५ रोजी फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांनी भारतातल्या एका मोठ्या इंग्रजी वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्यात त्यांनी उदाहरण दिलं होतं ते महाराष्ट्रातल्याच एका शेतकऱ्याचं. हा शेतकरी फ्री बेसिक्सवर हवामान पाहतो, मालाचे भाव पाहतो, आणि त्यामुळं त्याचा फायदा झाला. गरिबाला काहीच न मिळण्यापेक्षा थोडं तरी फुकट मिळतंय, त्याला आडवं का येता, असा एकूण सूर.

खरं सांगू? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दिंद्रुडसारख्या गावात ज्याच्या घरी पावसावर सगळं अवलंबून आहे, त्याला पाऊस कधी येणार हे फुकट कळत असेल, तर शहरात बसलेल्या माणसानं 'ते फुकट नको' असं कुठल्या तोंडानं सांगावं? नातवाचा प्रश्नही तोच होता. आपलं काय जातंय?

तर बघा, काय जातंय ते.

त्या शेतकऱ्याला हवामान दिसेल, पण कुणाचं हवामान? फुकटच्या यादीत जी वेबसाइट असेल तिचं. भाव दिसतील, पण यादीतल्या माणसानं सांगितलेले. तो भाव बरोबर आहे की नाही हे ताडून बघायला दुसरीकडं जायचं, तर तिथं पैसे. खिशात पैसे नाहीत म्हणून तर तो फुकटच्या दारात आला होता! म्हणजे ज्याच्याकडं पैसे आहेत त्याला सगळं इंटरनेट, आणि ज्याच्याकडं नाहीत त्याला दुसऱ्यानं निवडून दिलेलं. शाळेच्या ग्रंथालयात काही मुलांना सगळी कपाटं उघडी आणि काहींना फक्त खालचा एक खण, असं झालं तर? झुकरबर्ग यांनी आपल्या योजनेला सार्वजनिक ग्रंथालयाची उपमा दिली होती. पण ग्रंथालयात कुठलं पुस्तक ठेवायचं हे एखादा पुस्तकविक्रेता ठरवत नाही.

आणि दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इंटरनेट नुसतं बघायचं नसतं, तिथं आपणही काही मांडू शकतो. समजा, दिंद्रुडच्या एका सातवीतल्या मुलीनं आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर मुद्रित केल्या आणि लोकांनी ऐकाव्यात म्हणून एक पान तयार केलं. आज तिचं पान आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचं पान, दोन्ही तुमच्या फोनवर सारख्याच डेटात उघडतात. फ्री बेसिक्समध्ये तिला आधी अर्ज करावा लागला असता, अटी पाळाव्या लागल्या असत्या. आणि व्हिडिओ, मोठी छायाचित्रं तिथं चालतच नव्हती. टिम बर्नर्स-ली यांच्या वर्ल्ड वाइड वेबचं तंत्र स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेनं १९९३ मध्ये सगळ्यांना मोफत खुलं केलं. गुगल कंपनी १९९८ मध्ये एका भाड्याच्या गॅरेजमधून चालत होती. त्या वेळी रस्त्यावर बांबू असता आणि 'मोठ्यांना फुकट, नवख्यांना चिखल' असा नियम असता, तर गुगलचं नाव आपण ऐकलंही नसतं. विचार करा, पुढचं गुगल बीड जिल्ह्यात जन्मायचं असेल तर?

मराठीसाठी तर हे फारच खरं आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, तो हौशी माणसांनी आपापल्या घरून एकेक लेख लिहून वाढवला. त्यांनी कुणाची परवानगी मागितली नव्हती. गंमत म्हणजे, विकिपीडियाचीसुद्धा 'विकिपीडिया झिरो' नावाची फुकट योजना काही कंपन्यांच्या फोनवर चालायची, भारतातही. ज्ञानकोश फुकट, जाहिरातसुद्धा नाही, मग त्याला तरी सूट द्यावी की नाही? माझ्या मनात याबद्दल बराच काळ 'द्यावी' असंच होतं. पण चांगलं कोण आणि वाईट कोण हे नाक्यावरच्या माणसानं ठरवायचं म्हटलं, की बांबू आलाच. मग तो आज विकिपीडियासाठी उचलेल, उद्या आणखी कुणासाठी.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायनं निकाल दिला. डेटाचा दर मजकूर बघून ठरवता येणार नाही. मोडेल त्या कंपनीला दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. फक्त आणीबाणीच्या प्रसंगी, म्हणजे पूर, भूकंप अशा वेळी, एखादी सेवा स्वस्त किंवा फुकट देता येईल. तीन दिवसांनी फेसबुकनं भारतातलं फ्री बेसिक्स बंद केलं. मग 'नुसतं व्हॉट्सॲप'ची पॅकंही गेली.

आणि त्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचं काय झालं असेल? त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आलं, कंपन्यांची चढाओढ लागली, आणि वर्षभरात डेटा इतका स्वस्त झाला की निवडक पानांऐवजी सगळंच इंटरनेट त्याच्या आवाक्यात आलं. उलट ज्या कंपनीच्या फोनवर फ्री बेसिक्स चालायचं, त्या रिलायन्स कम्युनिकेशन्सनं २०१७ च्या अखेरीस आपली मोबाइल सेवा गुंडाळली.

२०१८ मध्ये सरकारनं आणखी एक पाऊल टाकलं. नुसता दरातच नव्हे, वेगातही भेद करायचा नाही, कुठलीही वेबसाइट मुद्दाम हळू करायची नाही की अडवायची नाही, हे कंपन्यांच्या परवान्यातच लिहिलं. दूरवरून होणारी शस्त्रक्रिया वगैरे अगदी नाजूक सेवांना त्यातून सूट आहे. ते ठीकच आहे, रुग्णवाहिकेला आपण वाट देतोच की!

अमेरिकेत मात्र या नियमाचा झोपाळा झालाय. २०१५ मध्ये केला, २०१७ मध्ये काढला, २०२४ मध्ये पुन्हा आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयानं रद्द केला.

घरच्या रिचार्जवर एक नजर

आईबाबांनो, हा भाग तुमच्याबरोबर वाचायचा. मुलं विचारतील, "आपल्या रिचार्जबरोबर ते सिनेमाचं ॲप फुकट मिळतं, मग तो नाका नाही का?" प्रश्न चांगला आहे. त्यात ॲपची वर्गणी फुकट असते, पण ते बघताना लागणारा डेटा तुमच्या रोजच्या कोट्यातूनच कापला जातो, इतर कुठल्याही ॲपसारखा. म्हणून तो नियमात बसतो. रोजचा कोटा संपल्यावर नेट गोगलगायीसारखं चालतं, तेही सगळ्यांसाठीच सारखं हळू होतं, एकाला हळू आणि दुसऱ्याला जलद असं नाही. पण उद्या कुणी म्हणालं, 'अमुक ॲप वापरा, त्याचा डेटा मोजणारच नाही', तर समजायचं, बांबू आडवा पडला.

आणि विषय संपलाय असं समजू नका. मोबाइल कंपन्यांचं म्हणणं आहे, की व्हिडिओ दाखवणाऱ्या मोठ्या कंपन्यांमुळं आमच्या रस्त्यावर इतकी गर्दी होते, तर रस्त्याच्या खर्चातला वाटा त्यांनीही द्यावा. वरवर बरोबर वाटतं ना? पण त्या गर्दीचे पैसे आपण रिचार्जमधून दिलेलेच असतात. आणि मोठ्यांनी पैसे दिले की मोठ्यांना खास वागणूक मागायला किती वेळ लागणार?

ज्याच्याकडं रस्ताच नाही

इथपर्यंत आपण नाक्याबद्दल बोललो. पण ज्या गावाला रस्ताच नाही, त्याला नाका नसल्याचा काय उपयोग?

२०१७-१८ मध्ये सरकारनं देशभर पाहणी केली. तेव्हा खेड्यांतल्या दर शंभर घरांपैकी फक्त १५ घरांत इंटरनेटची सोय होती, शहरांत ४२. नंतर हे आकडे बरेच वाढले. पण २०२० मध्ये करोनामुळं शाळा बंद झाल्या आणि सगळा अभ्यास फोनवर आला, तेव्हा या आकड्यांचा अर्थ आपल्याला कळला. सिंधुदुर्गातल्या एका मुलीनं रेंज मिळावी म्हणून भर पावसाळ्यात डोंगरावर छप्पर टाकून तिथं अभ्यास केला. तिच्याकडं फोन तरी होता. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुक्काम फडाशेजारच्या कोपीत. घरात फोन असतो, पण तो एकच. तो वडिलांच्या खिशात, कारण मुकादमाचा निरोप कधी येईल सांगता येत नाही. रात्री वडील परत येतात तेव्हा बॅटरी संपलेली, आणि कोपीत वीज नाही. अशा लेकराला नेट न्यूट्रॅलिटीचा कायदा काय देणार? सगळ्या वेबसाइट सारख्या, पण त्याच्या हातात एकही नाही.

२०१९ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयात एक खटला झाला. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरायचा नाही, असा नियम होता. एका विद्यार्थिनीनं तो मानला नाही, तेव्हा तिला काढून टाकलं. न्यायालयानं सांगितलं, इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. तिला परत घ्या. (आता हे वाक्य आईला दाखवून जेवताना फोन मागू नका हं!)

कधी कधी रस्ता असूनही तो सगळ्यांसाठीच बंद होतो. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस माजलगाव आणि बीडमध्ये दंगा, जाळपोळ झाली, आणि जिल्ह्यातलं इंटरनेट बंद ठेवण्यात आलं. अफवा पसरू नयेत हे त्यामागचं कारण. पण बंद होताना ते अफवेचंही बंद होतं आणि दवाखान्याचंही, ऑनलाइन अर्जाचंही आणि दुकानदाराच्या पैशाचंही. असा बंद कधी करावा यावर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये बंधनं घातली आहेत. आदेश लोकांना कळेल असा प्रसिद्ध करायचा, कारणं द्यायची, आणि बेमुदत बंद ठेवायचं नाही.

मग रस्ता कसा पोचणार? सरकारनं २०११ मध्ये एक योजना मंजूर केली. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचेच्या तंतूची केबल न्यायची. तिचंच आजचं नाव भारतनेट. केसाएवढ्या बारीक काचेतून प्रकाशाच्या रूपानं पाकिटं धावतात, मोबाइल टॉवरपेक्षा कितीतरी जास्त. केबल ग्रामपंचायतीत आली, की तिथून शाळेत, दवाखान्यात, घरोघरी नेता येते. निदान तशी कल्पना आहे. केबल येऊन थांबली आणि पुढं गेलीच नाही, खोदकामात तुटली ती जोडलीच नाही, असंही होतं.

तुमच्या गावात काय झालंय ते तुम्हीच बघून या. एखाद्या शनिवारी शाळा सुटल्यावर दोघं-तिघं मिळून ग्रामपंचायतीत जा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना किंवा सरपंचांना नमस्कार करून विचारा, "भारतनेटची केबल आपल्याकडं आलीय का? ती पेटी कुठं आहे? चालू आहे का? आणि शाळेपर्यंत यायला अजून किती मीटर राहिलीय?" मीटरमध्येच विचारा बरं, 'थोडीच राहिलीय' हे उत्तर घेऊ नका. मग पेटीपासून शाळेच्या फाटकापर्यंत पावलं मोजा, आणि आकडा आम्हाला पत्रानं कळवा.